वायू तर उडून जातो, मग तपास करणारे शोधतात काय?

तुरटी

परवा एका दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "रासायनिक हल्ल्याचा पुरावा कसला सापडायचा? वायू तासाभरात उडून जातो. आठवड्याने तिथे पोचून ही मंडळी नक्की काय करतात?" प्रश्न रास्त आहे. दोन दिवस तो माझ्या डोक्यातून जाईना, कारण माझं रोजचं कामच नमुने तपासण्याचं आहे. अस्त्रांशी माझा काही संबंध नाही, पाण्यातले आणि मातीतले विषारी अंश शोधते. पण यंत्रं तीच, पद्धती तशाच, आणि नमुना हातात आल्यावर मनात येणारी धास्तीही तीच. या विषयावरचे अहवाल मी गेली काही वर्षं वाचत आलेय, म्हणून वेगळा धागा काढते.

एकच घटना नीट बघूया. २१ ऑगस्ट २०१३, सीरियाची राजधानी दमास्कसच्या कडेची घूटा वस्ती. पहाटेच्या अंधारात रॉकेटं पडली. त्या वेळी हवा गार होत चालली होती, त्यामुळे जड वायू वर न चढता जमिनीलगत पसरत राहिला आणि तळघरांत उतरला. बॉम्बच्या भीतीने लोक तळघरांतच झोपले होते.

संयुक्त राष्ट्रांचं पथक तेव्हा दमास्कसमध्येच होतं. स्वीडनचे शास्त्रज्ञ ओके सेलस्ट्रॉम हे प्रमुख. रासायनिक अस्त्रे प्रतिबंध संघटनेचे म्हणजे ओपीसीडब्ल्यूचे तज्ज्ञ आणि जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर त्यांच्यासोबत. ते १८ ऑगस्टला आले होते ते खान अल-असल आणि इतर ठिकाणच्या आधीच्या आरोपांसाठी. हाकेच्या अंतरावर माणसं मरत असताना परवानगी आणि सुरक्षेच्या वाटाघाटी चालू होत्या. २६ तारखेला ते निघाले, तर वाटेत पहिल्याच गाडीवर नेमबाजाने गोळ्या झाडल्या. गाडी बदलून ते पुन्हा निघाले. सरकार आणि बंडखोर अशा दोन्ही बाजूंनी रोज पाच तास लढाई थांबवायचं कबूल केलं होतं. त्यात जाणं-येणं वजा करता पहिल्या दिवशी घूटातल्या मुअद्दमिया भागात जेमतेम दोनेक तास मिळाले.

मी स्वतःला त्या जागी ठेवून बघते. दोन तास आहेत, भोवती रडणारी, संतापलेली माणसं आहेत, प्रत्येकाला काहीतरी दाखवायचं आहे. आधी हात कशाला लावायचा?

माती, रॉकेटचा पत्रा, भिंत पुसून घेतलेला बोळा, गादीचा तुकडा, वाचलेल्यांचं रक्त आणि लघवी, असे नमुने घेतले जातात. आता मूळ प्रश्नाकडे येते. घूटात वापरलेलं सरीन हे मज्जाविष, म्हणजे नसांवर घाला घालणारं विष. ते उडून जातं हे खरं, पण सगळं जात नाही. ओलाव्याशी गाठ पडली की ते फुटतं. त्यातून आधी आयसोप्रोपिल मिथाइलफॉस्फॉनिक आम्ल तयार होतं आणि पुढे फार सावकाश साधं मिथाइलफॉस्फॉनिक आम्ल. हे दुसरं बऱ्याच मज्जाविषांपासून मिळू शकतं, त्यामुळे त्यावरून फार तर संशय घेता येतो. पहिलं मात्र सरीनची सहीच म्हणा. ते निसर्गात आढळत नाही, मातीत चांगलं टिकतं आणि यंत्रावर स्वतंत्र ओळखू येतं. म्हणजे चोर पळून गेला तरी त्याच्या चपलेचा ठसा अंगणात राहतो. आणि तो ठसा दुसऱ्या कुणाच्या चपलेचा नाही हे सांगता येणं, यात सगळा तपास आला.

नमुना घेण्याची रीत बघा. जागेचा उपग्रहावरून घेतलेला बिंदू नोंदवायचा, उचलण्याआधी आणि नंतर छायाचित्र काढायचं, प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. मग बाटली, बाटलीवर पिशवी, पिशवीवर सील, सीलवर क्रमांक. उघडलं की उघडल्याचं दिसलंच पाहिजे असं ते सील. त्यानंतर तो नमुना कुणाच्या ताब्यात किती वाजता गेला याची सही-शिक्क्यासह नोंद, थेट प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत. इंग्रजीत याला 'चेन ऑफ कस्टडी' म्हणतात, आपण ताब्याची साखळी म्हणू.

ही साखळी तुटली की काय होतं ते मी एकदा स्वतः भोगलंय. पूर्वी जिथे काम करायचे तिथे एका विहिरीच्या पाण्याचा नमुना आला, सील अर्धवट सुटलेलं. मी घ्यायला नकार दिला, वरून सांगितलं गेलं की वेळ नाही, घ्या. पाण्यात विष होतं, आकडा स्पष्ट होता, तीन वेळा तपासला. पुढे सुनावणीत पहिला प्रश्न सीलचा आला आणि माझा अहवाल बाजूला ठेवला गेला. ती विहीर वापरणाऱ्या माणसांचे चेहरे मी पाहिलेले होते. तेव्हापासून सील हा शब्द माझ्यासाठी कागदी राहिला नाही.

घूटाचे नमुने द हेगला पोचले आणि तिथून वाटले गेले. ओपीसीडब्ल्यू एकाच प्रयोगशाळेवर विसंबत नाही. सदस्य देशांतल्या निवडक, मान्यताप्राप्त प्रयोगशाळांपैकी किमान दोन ठिकाणी तोच नमुना जातो. सोबत मुद्दाम कोरे नमुने असतात आणि माहीत असलेलं रसायन मिसळलेलेही असतात. कुठली बाटली कसली ते तपासणाऱ्याला सांगत नाहीत. या प्रयोगशाळांच्या नियमित परीक्षा होतात, उत्तराला १५ दिवस. नसलेलं रसायन 'आहे' असं सांगितलं की थेट नापास. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण एका चुकीच्या 'आहे'ची किंमत लढाई असू शकते.

१६ सप्टेंबरला अहवाल आला. सरीन वापरलं गेलं, जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या रॉकेटांतून आणि बऱ्यापैकी मोठ्या प्रमाणावर. तपासलेल्या रक्तनमुन्यांपैकी ८५ टक्क्यांत सरीनचा अंश होता. कुणी मारलं यावर मात्र एक अक्षर नाही. तो प्रश्न त्यांना विचारलेलाच नव्हता.

त्या अहवालातली एक ओळ सांगून थांबते. पथकाने स्वतःच लिहून ठेवलंय की या जागांवर आमच्याआधी बरीच ये-जा झालेली होती, वस्तू हलवल्या जात होत्या आणि त्यात फेरफारही झालेला असू शकतो. आपल्याच पुराव्याचा कच्चा दुवा आपणच दाखवायचा. अशा अहवालावर माझा विश्वास बसतो.

कुणी वैद्यकीय बाजू मांडेल का? तिथे माझं वाचन अपुरं पडतं.

---

गवतफूल
*वाचतेय, एक शंका*

तुरटीताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तळघरांचं वाचून पुढे जाववेना, थोडा वेळ थांबले.

शंका अशी. तिथले डॉक्टर, मदत करणारे लोक स्वतःच माती-रक्त गोळा करून बाहेर पाठवतात असं बातम्यांत वाचलं होतं. तपासणाऱ्यांना जाताच येत नसेल तर ते नमुने चालतात का? जीव धोक्यात घालून कुणी बाटली आणून द्यावी आणि 'सील नाही' म्हणून ती परत करावी, हे ऐकवत नाही.

---

डॉ. काजवा
*रक्त काय सांगतं*

तुरटी, वैद्यकीय बाजू मी लिहितो. अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काढली आहेत. कीटकनाशक पोटात गेलेले रुग्ण शेकड्यांनी पाहिले. सरीन आणि ती कीटकनाशकं एकाच घराण्यातली. दोन्ही ऑर्गनोफॉस्फरस, दोन्ही शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला जाऊन चिकटतात. मग नसांचा संदेश थांबायचं नाव घेत नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस, छातीत पाणी भरल्यासारखा श्वास, झटके.

घूटामध्ये पथकातल्या डॉक्टरांनी ३६ वाचलेल्यांना तपासलं. ७८ टक्के लोकांची शुद्ध हरपली होती, ६१ टक्क्यांना श्वास घ्यायला त्रास होत होता. अंगावर जखम मात्र नाही. असं चित्र माझ्यासमोर आलं असतं तर मी त्या क्षणी ॲट्रोपिन हा उतारा सुरू केला असता. उपचाराला एवढं पुरे. पुराव्याला अजिबात पुरत नाही.

कारण रक्तातल्या विकराचं काम मंदावलंय एवढंच साधी चाचणी सांगते. ते शेतावरच्या औषधाने मंदावलं की सरीनने, हे ती सांगत नाही. 'हे सगळे कीटकनाशकाचे रुग्ण आहेत' असं कुणी म्हटलं तर त्या चाचणीवरून खोडून काढता येणार नाही.

त्यावर एक सुंदर उपाय आहे. सुंदर हा शब्द इथे वापरताना जीभ अडखळते, पण रसायनशास्त्र म्हणून तो आहेच. सरीनचा रेणू विकराला चिकटताना स्वतःमधला फ्लोरिन सोडून देतो. प्रयोगशाळेत त्या रक्तात फ्लोराइड घातलं की चिकटलेला भाग सुटतो, फ्लोरिन परत धरतो आणि रेणू पुन्हा उभा राहतो, सरीन म्हणूनच. म्हणजे ज्याने माणसाला मारलं तेच त्याच्या रक्तातून परत बाहेर काढून यंत्रापुढे उभं करायचं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ही पद्धत १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात मार्च १९९५ च्या टोकियो भुयारी रेल्वेतल्या हल्ल्यातल्या रुग्णांचं साठवून ठेवलेलं रक्त वापरलं होतं. संपर्कानंतर काही आठवडे हे जमतं. त्यामुळे आठवड्याने पोचलेल्या पथकालाही रक्त उत्तर देतं.

मस्टर्ड, म्हणजे कातडी भाजणारं दुसरं रासायनिक अस्त्र, त्याचं वेगळं. ते हिमोग्लोबिनलाच चिकटतं आणि तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. तेवढी मुदत मिळते.

एक सल आहे, इथे लिहूनच टाकतो. उमेदवारीच्या काळात एका रुग्णालयात रात्री एक कुटुंब आलं, चौघंही बाहुल्या बारीक झालेले. धाकटं पोर गेलं. पहाटे पोलीस आले तेव्हा कळलं की त्यांचे कपडे आम्हीच पोत्यात भरून जाळायला दिले होते आणि सुरुवातीचं रक्त कुणी राखून ठेवलं नव्हतं. जीव वाचवण्याच्या धावपळीत कुणाच्या मनातच आलं नाही. विष कुठलं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. युद्धातल्या रुग्णालयात, वीज गेलेली असताना, ज्या डॉक्टरांनी रक्ताच्या नळ्यांवर नाव आणि वेळ लिहून ठेवली, त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही.

---

तुरटी
*@गवतफूल*

डॉक्टरसाहेब, फ्लोराइडचा भाग मी दोनदा वाचला. आभार.

गवतफूल, ती बाटली परत करत नाहीत. तिचं वजन वेगळं धरतात. ४ एप्रिल २०१७ चा सीरियातल्या खान शेखूनवरचा हल्ला बघ. तिथे ओपीसीडब्ल्यूच्या तथ्यशोधन पथकाला जाताच आलं नाही, रस्ता लढाईच्या मधून होता. मग काय केलं? जखमींना तुर्कस्तानात आणलं होतं, तिथल्या रुग्णालयांत पथक काही दिवसांतच पोचलं. मृतांची शवविच्छेदनं होताना पथकातले लोक समोर उभे होते, रक्त त्यांच्यासमोर काढलं गेलं. त्या नमुन्यांची साखळी पहिल्या कडीपासून पक्की. गावातून इतरांनी आणलेली माती त्याच्या जोडीला ठेवली. तीच माती एकटी आली असती तर तिच्यावर निकाल उभा राहिला नसता, पण पक्क्या रक्ताशी ती जुळली तेव्हा तिलाही अर्थ आला. पुढे तर सीरिया सरकारनेही त्या जागेवरचे म्हणून नमुने दिले आणि त्यातही सरीन निघालं.

आणखी एक धागा त्यातून लागला. कुठलंही रसायन बनवताना काही अशुद्धी मागे राहतात आणि त्या बनवणाऱ्याच्या पद्धतीनुसार बदलतात. सीरियाने २०१३ मध्ये रासायनिक अस्त्रबंदी करारात सामील होताना आपला साठा जाहीर केला होता, त्यातल्या कच्च्या मालाचे नमुने ओपीसीडब्ल्यूकडे होते. खान शेखूनच्या सरीनमधल्या खुणा त्या कच्च्या मालाशी जुळल्या.

---

जुनावाचक
*थोडा इतिहास, कारण तो विसरला जातो*

धागा उत्तम. दोन जुन्या गोष्टींची भर घालतो, कारण आजचे हे सगळे कडक नियम कुणाच्या तरी चुकांतून आणि कुणाच्या तरी हट्टातून आले आहेत.

पहिली गोष्ट 'पिवळ्या पावसा'ची. सप्टेंबर १९८१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी जाहीर आरोप केला की लाओस आणि कंबोडियात सोव्हिएत पाठिंब्याने बुरशीजन्य विष फवारलं जातंय. पुरावा म्हणजे पानांवर पडलेले पिवळे ठिपके, हाताहातांतून आलेले थोडेसे नमुने आणि निर्वासितांच्या मुलाखती. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली घातले, तर आत परागकण. तेही पचलेले, नुसती टरफलं राहिलेली. मधमाश्या थव्याने उडताना विष्ठा टाकतात, ती ही. मेसेल्सन स्वतः थायलंडमध्ये गेले आणि अशा वर्षावात उभे राहून आले. त्या डोंगरांत तिथल्या हमोंग जमातीचे लोक मरत होते, हाल सोसत होते, ते खोटं नव्हतं. पण चुकीच्या पुराव्यावर उभा केलेला आरोप त्यांच्या काहीच कामी आला नाही. कोरा नमुना, म्हणजे 'जिथे काही झालं नाही' अशा जागेचा तुलनेसाठी घेतलेला नमुना, याचं महत्त्व यातून शिकावं. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या तज्ज्ञांनाही तेव्हा ठोस काही म्हणता आलं नव्हतं, कारण त्यांना मूळ जागी जाऊच दिलं नाही.

दुसरी गोष्ट मार्च १९८४ ची. इराण-इराक युद्ध चालू होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी स्वीडन, स्पेन, ऑस्ट्रेलिया आणि स्वित्झर्लंडमधून एकेक असे चार तज्ज्ञ इराणला पाठवले. ते रणभूमीवर गेले, न फुटलेल्या बॉम्बमधलं द्रव्य घेतलं, जखमींना तपासलं. मस्टर्ड आणि टाबून (सरीनच्याच जातीचं मज्जाविष) सापडलं. अशा चौकशीचा तोवर ठरलेला पायंडा नव्हता. सुरक्षा परिषदेने निषेध केला तो इतका मोघम की त्यात इराकवर बोट ठेवलेलं नव्हतं. पथकं पुढेही जात राहिली, अहवाल येत राहिले, आणि वापर चालूच राहिला. मार्च १९८८ मध्ये इराकमधल्या हलब्जा या कुर्दी शहरावर रासायनिक हल्ला झाला.

पण एक गोष्ट हाती लागली. १९८७ मध्ये आमसभेने ठराव केला की कुठल्याही सदस्य देशाने तक्रार केली तर सरचिटणिसांनी चौकशी करावी. सेलस्ट्रॉम यांचं पथक २०१३ मध्ये गेलं ते याच यंत्रणेखाली. सीरिया तेव्हा करारात नव्हता, त्यामुळे ओपीसीडब्ल्यूला स्वतःच्या अधिकारात तिथे जाता येत नव्हतं. सव्वीस वर्षं जुना ठराव कामी आला.

---

पाऊलवाट
*साक्षीदार*

सगळे रसायनांबद्दल बोलतायत, मी माणसांबद्दल बोलते. मी दुभाषी आहे. निर्वासितांच्या मुलाखतींत, सुनावण्यांत दोन भाषांच्या मध्ये बसते. रासायनिक हल्ल्याच्या चौकशीत मी कधी नव्हते, पण छळातून सुटून आलेल्यांसोबत बसले आहे.

अशा मुलाखतीत 'तुम्हाला क्लोरीनचा वास आला का?' असं कधीच विचारायचं नसतं. 'त्या रात्री काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा' एवढंच. वासाचा उल्लेख त्याने आपणहून केला तर 'कशासारखा?' एवढंच पुढे. दुभाष्याने तर आणखी जपायचं. साक्षीदार 'धुण्याच्या पावडरीसारखा' म्हणाला तर मी 'क्लोरीनसारखा' म्हणायचं नाही. ते माझं ज्ञान झालं, त्याची साक्ष नाही. ज्या दिवशी दुभाषी मदत म्हणून शब्द सुधारतो त्या दिवशी साक्ष मेली.

आणि साक्षीदार तंतोतंत जुळले तर आनंद होत नाही, धाकधूक होते. खरी माणसं वेळ चुकवतात, आधी काय आणि नंतर काय यात गोंधळतात. एक बाई मला सांगत होती, तिच्या मुलाने कुठल्या रंगाचा सदरा घातला होता ते तिला आठवत नव्हतं, आणि ती त्याचीच माफी मागत राहिली, त्या मुलाचीच. मी ते शब्दशः भाषांतर केलं. समोरच्या अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि थोड्या वेळाने पुन्हा उचललं.

---

सांजवारा
*दूमाचं काय?*

माफ करा, पण सगळं इतकं सरळ नाही. दूमाच्या प्रकरणात (दमास्कसजवळच्या दूमा शहरावरचा २०१८ चा क्लोरीन हल्ला) ओपीसीडब्ल्यूच्याच आतल्या माणसांनी अहवालाशी असहमती दाखवली होती, कागद बाहेर आले होते. तिथे सापडलेले वायूचे सिलिंडर वरून पडले नसून हाताने ठेवले असण्याची शक्यता जास्त, असं त्यांच्याच एका तांत्रिक टिपणात होतं. मग आम्ही सामान्य माणसांनी कुणावर विश्वास ठेवायचा? मी कुठल्या बाजूचा नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

---

तुरटी
*@सांजवारा*

प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारलात हे बरं केलंत. यावर लिहायला वेळ घेतला, कागद पुन्हा काढून बघितले.

आधी क्लोरीन का अवघड ते सांगते. सरीन बाळगणं हाच गुन्हा. क्लोरीन मात्र पाणी शुद्ध करायला जगभर लागतं, आणि ते मागे स्वतःची सही सोडत नाही. मीठ आणि क्लोराइड तर सगळीकडेच असतं. मग शोधायचं काय? क्लोरीन ज्याला ज्याला भिडला त्याच्यावरच्या खुणा. लाकडात नैसर्गिक तेलं असतात, त्यांच्याशी क्रिया होऊन बोर्निल क्लोराइडसारखी संयुगं बनतात. दूमामध्ये लाकडाच्या नमुन्यांत ती मिळाली. एकेका संयुगाला दुसरं स्पष्टीकरण असू शकतं. म्हणून धातूवरचा गंज, भिंतीचे डाग, लाकूड, साक्षी, सिलिंडरची अवस्था हे सगळं एकत्र मांडावं लागतं.

हल्ला झाला ७ एप्रिल २०१८ ला. पथक त्या जागी पोचलं २१ ला. मधे पाहणीला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा तुकडीवर गोळीबार झाला होता. तोवर मृतांचं दफन झालेलं. म्हणजे रक्त आणि शरीर हा सर्वांत बोलका पुरावा हातचा गेला.

तुम्ही म्हणता ते टिपण खरं आहे, एका निरीक्षकाचं आहे, आणि तो मुद्दा विचारात घेण्यासारखाच होता. सिलिंडर छत फोडून आत आला की कुणी आणून ठेवला, हे गणिताने तपासता येतं. पथकाने तीन वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांकडून स्वतंत्रपणे आकडेमोड करून घेतली. छताची जाडी, सळ्यांचं वाकणं, सिलिंडरवरचे पोचे. तिघांचे निष्कर्ष एकमेकांना पूरक आले. मार्च २०१९ च्या अहवालात विषारी रसायन वापरलं गेल्याचं मानायला वाजवी आधार आहे, आणि ते बहुधा क्लोरीन, असं म्हटलं. मग हल्ला कुणी केला याची ओळख पटवणाऱ्या वेगळ्या पथकाने ६६ साक्षी आणि ७० नमुन्यांची माहिती तपासली आणि जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की सीरियन हवाई दलाच्या किमान एका हेलिकॉप्टरमधून दोन पिवळे सिलिंडर टाकले गेले आणि त्यात ४३ माणसं मेली. हे पथक सगळ्या पर्यायी शक्यता घेऊन बसलं होतं, 'रचलेला देखावा' हीसुद्धा, आणि पुराव्याने ती टिकली नाही.

माझं मत विचाराल तर, निष्कर्ष मला पटतो. पण असहमती उघड झाल्यावर संघटनेने गोपनीयतेच्या नियमांवर जितका जोर दिला त्याहून जास्त जोर 'या मुद्द्याला आमचं तांत्रिक उत्तर हे' असं लवकर आणि सविस्तर सांगण्यावर द्यायला हवा होता. मधल्या काळात जी पोकळी राहिली तिची किंमत त्या घरातल्या वाचलेल्या लोकांनी मोजली. आपली माणसं कशी मेली हे त्यांनाच पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागलं.

---

सांजवारा

धन्यवाद. तीन देशांच्या तज्ज्ञांचं मला माहीत नव्हतं. ते गणित मी स्वतः वाचून बघतो.

---

जुनावाचक
*'काय झालं' आणि 'कुणी केलं'*

सांजवारा यांच्या प्रश्नाला जोडून. नवख्या वाचकाचा इथे नेहमी गोंधळ होतो, कारण पथकं वेगवेगळी आणि त्यांचे अधिकारही वेगवेगळे. एप्रिल २०१४ पासूनचं तथ्यशोधन पथक फक्त 'वापर झाला का' एवढंच सांगू शकत होतं. 'कुणी' यासाठी ऑगस्ट २०१५ मध्ये सुरक्षा परिषदेने वेगळी संयुक्त यंत्रणा नेमली. तिने सरकारी फौजांवर ठपका ठेवला तसा आयसिसवरही ठेवला, मारिया गावात मस्टर्ड वापरल्याबद्दल. म्हणजे एकाच बाजूला बोट दाखवायचं ठरवून ती बसली नव्हती. खान शेखूनचा ठपका सरकारवर आल्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये तिची मुदत वाढू दिली नाही, रशियाने नकाराधिकार वापरला. मग जून २०१८ मध्ये सदस्य देशांनी बहुमताने ओपीसीडब्ल्यूलाच ओळख पटवण्याचा अधिकार दिला.

---

डॉ. काजवा

रॉकेटच्या दिशेबद्दल कुणी लिहिलं नाही. घूटाच्या अहवालाच्या परिशिष्टात आहे. एक रॉकेट जमिनीत रुतण्याआधी झाडीच्या आडोशातून आरपार गेलं होतं. पानांमधलं भोक आणि जमिनीतला खड्डा, असे दोन बिंदू मिळाले. दोन बिंदूंतून रेषा जाते. होकायंत्र लावून बघितलं, ३५ अंश. म्हणजे रॉकेट आलं कुठून आणि गेलं कुठे याची रेषा मिळाली. रक्त तपासणाऱ्या माणसाला हे वाचून फार आश्चर्य वाटलं होतं, की पानांच्या भोकाचीही साक्ष होते.

---

गवतफूल
*शेवटची शंका*

आणि जिथे आठवडा नाही, वर्षं गेली? जिथे कुणी पथक पाठवलंच नाही? डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली असद यांची राजवट पडली, आता तिथे जाता येतंय, फेब्रुवारी २०२५ मध्ये ओपीसीडब्ल्यूचे महासंचालक आरियास दमास्कसला जाऊनही आले. पण इतक्या वर्षांनी मातीत काय उरलं असेल?

---

तुरटी
*@गवतफूल*

उरतं. यासाठी बिर्जिनीची गोष्ट सांगते. उत्तर इराकमधलं छोटं कुर्दी गाव. २५ ऑगस्ट १९८८ ला त्यावर विमानांनी बॉम्ब टाकले. चौकशीला कुणी गेलं नाही, जाऊ दिलंच नसतं. गाव ओस पडलं. जून १९९२ मध्ये मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या एका संस्थेचं पथक तिथे पोचलं. वाचलेल्या गावकऱ्यांनी सोबत जाऊन खड्डे दाखवले, कुठले बॉम्ब साधे होते आणि कुठल्यांतून धूर पसरला ते सांगितलं. पथकाने त्या खड्ड्यांतली माती आणि बॉम्बचे तुकडे घेतले. ते ब्रिटनमधल्या पोर्टन डाऊनच्या प्रयोगशाळेत गेले.

चार वर्षांचे पाऊस आणि उन्हाळे त्या मातीवरून गेले होते. तरी तिच्यात मस्टर्डचे अंश मिळाले आणि सरीन फुटल्यावर जे आयसोप्रोपिल मिथाइलफॉस्फॉनिक आम्ल राहतं, तेही मिळालं. गावकऱ्यांनी जे खड्डे दाखवले होते, त्याच खड्ड्यांतून.